चार बोटं माया

अहो,

काल दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं. मशीनवरची धूळ पुसायची आणि परत जायचं, एवढंच मनात होतं. तेवढ्यात आपले जुने गिऱ्हाईक, नंजप्पा मास्तर, वाकून आत आले. इतके दिवस ते मुलीकडे परदेशात होते, परवाच परतले, त्यामुळे त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. नेहमीसारखं तोंडभर हसले आणि कानडीत म्हणाले, "यजमान कुठं गेले? माझ्या कोटाची ट्रायल कधी?"

मी किंचाळलेच. "झाली ट्रायल! संपली! इथं आता फायनल मिळत नाही!" शेजारच्या दुकानांतली माणसं बाहेर आली.  मग मास्तरांची नजर भिंतीवरच्या तुमच्या फोटोवर गेली, त्यावरच्या हारावर गेली, आणि ते तुमच्याच स्टुलावर मटकन बसले. एवढा म्हातारा माणूस, पण लहान मुलासारखा रडायला लागला. त्यांना पाणी देऊ की मीही शेजारी बसून रडू, मला सुचेना. शेवटी "उद्या संध्याकाळी या" म्हणून त्यांना वाटेला लावलं. उद्या मी काय करणार होते, देव जाणे. कोट मागच्या खुंटीवर होता, तुम्ही कापलेला, अंगभर पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घेऊन.

तेराव्याला आलेली माणसं पांगली. आपली लेक रेणू बंगळुरूला नोकरीवर हजर झाली. घरात उरलो मी आणि माझी जीभ. 'मिरजेची सुरी' म्हणायचात ना तिला? आता तिला कापायला समोर कुणी नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे. इस्पितळात त्या कागदांवर सही केलीत, तेव्हा 'ट्रायल' म्हणजे काय हे तुम्हाला कळलं होतं का? की आपल्या दुकानातली ट्रायल समजून तुम्ही भोळेपणाने मान पुढे केलीत? हा प्रश्न मला जेवू देत नाही.

शब्दांनी आपली पहिल्या दिवसापासून फजिती केली आहे. लग्न होऊन मिरजेहून म्हैसूरला आले, दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, चहा आणू का? तुम्ही म्हणालात, "चहा बेड." मला वाटलं, नवरा मोठा शौकीन दिसतोय, अंथरुणात चहा मागतोय. मी कपबशी घेऊन थेट खोलीत. सासूबाई हसता हसता भिंतीला टेकल्या. बेड म्हणजे नको, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे वर्षानुवर्षं मी तुमच्या मराठीला नावं ठेवली. अर्धं वाक्य आमचं, अर्धं कानडी. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "आमचं मराठी जुनं हाय गं. तुमचं ते धुऊन इस्त्री केलेलं." 

पण धंद्यातले शब्द मी तुमच्याकडूनच शिकले. आमच्या माहेरी कुणी सुई हातात धरली नव्हती. मामंजींची एक पद्धत होती, ती तुम्ही पुढे चालवलीत. नवा बेत असला, नवी फॅशन असली, की महागाच्या कापडाला कात्री लावायची नाही. आधी तोच कोट मांजरपाटात कापायचा. ते भरड, बिनधुतलं कापड. पुरता शिवायचा, अंगावर चढवायचा, खडूने खुणा करायच्या आणि फाडून टाकायचा. मी नवीन असताना हळहळले होते, एवढं शिवलेलं फाडायचं? तुम्ही म्हणालात, "फाडायलाच शिवतात त्याला. त्याच्यावरून पुढचे सगळे कोट बसतात." त्या फाडलेल्या तुकड्यांनी मग मी मशीनचं तेल पुसायची.

दुसरा शब्द माया. शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड, म्हणजे पुढे माणूस जाड झाला तर उसवून सैल करता येतं. यावरून आपलं कायम वाजायचं. तुम्ही दोन बोटांच्या वर माया कधी ठेवली नाहीत. उसवून सैल करायचं काम माझ्याकडे, त्यामुळे बोंब माझी. "अहो, जरा सढळ हाताने ठेवत जा की. लग्नात शिवलेला कोट माणूस बारशालाही घालतो." त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं. "माया जास्त झाली की फिटिंग जातं. कोट फुगतो. मग लोक म्हणतात, कुठल्या शिंप्यानं शिवला?" आणि वर माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. आज दुकानात बसून हे आठवतं आणि तुम्हाला एक चापट मारावीशी वाटते.

सुरुवात झाली ती बाह्यांपासून. एका कोटाला तुम्ही दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. तुम्ही! मी टेबलावर त्या शेजारी शेजारी मांडल्या आणि म्हटलं, हे गिऱ्हाईक काय देवीसारखं अनेक हातांचं आहे? तुम्ही हसला नाहीत. बाह्यांकडे बघत राहिलात, कुणी दुसऱ्यानेच त्या कापल्यासारखं. मग खडू हातातून पडायला लागला. मग एक दिवस कात्री मागायची होती आणि तुम्ही म्हणालात, "कुलूप दे." मी कुलूप आणून दिलं. तुम्ही ते हातात घेऊन, तोंड गोरंमोरं करून बसलात. त्याच आठवड्यात डोक्याचा फोटो निघाला, आणि लगेच ऑपरेशन.

गाठीच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाई कानडीत समजावत होत्या, मध्ये मध्ये इंग्रजी. ही जात फार अॅग्रेसिव्ह आहे, म्हणाल्या. डोक्याला टाके, पट्टी, अंगात इस्पितळाचा ढगळ झगा, आणि त्या अवतारात तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "मिरजेकडची काय?" डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. मला कळलं आणि मी तिथेच, त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. काढली तेवढी गाठ काढली होती, तरी तिची मुळं आत राहिली होती. पुन्हा वाढणारच, फक्त कधी ते सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. डोकं का दुखतं, तर कवटीला सैल व्हायला जागा नाही. "म्हणजे देवानं माया ठेवली नाय," असं तुम्ही म्हणालात, आणि त्या बाईंना ते कानडीत समजावूनही सांगितलंत. त्या हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, बरोबर आहे.

ट्रायलचं त्यांनीच सुचवलं. नुकताच रोग कळलेल्यांसाठी एक नवं औषध तपासत होते. नेहमीचे उपचार, म्हणजे रेडिएशन आणि गोळ्या, सगळ्यांना मिळणारच, शिवाय ही नवी कॅप्सूल. मी तर तिथेच हात जोडले. घ्या म्हटलं, यांना घ्या. रक्ताच्या तपासण्या होत्या, गाठीच्या तुकड्याची पुन्हा तपासणी होती, त्यात बसलात तरच घेणार. तो निकाल येईपर्यंत मी बेट्टदपूरच्या देवाच्या डोंगरावर चढून आले, उपाशीपोटी. मोहल्ल्यातल्या आपल्या विठोबाला तर धमकीच दिली. एकादशीला तुझ्यापुढे टाळ कोण वाजवतं हे आठव, म्हटलं. तुम्ही बसलात त्यात. मी पेढे वाटले. नवऱ्याला मेंदूचा कॅन्सर आणि बायको पेढे वाटतेय, असं दृश्य मोहल्ल्याने तोवर पाहिलं नसेल.

मग सही करायच्या दिवशी त्यांनी उरलेलं सांगितलं. ट्रायलचं काम बघणारी ती शिल्पा, आपल्या रेणूच्या वयाची, एकेक पान वाचून दाखवत होती. काहींना खरं औषध मिळणार, काहींना तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल. कुणाला काय हे संगणक ठरवणार, आणि ते तुम्हालाही कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. तुम्हाला फायदा होईलच असं नाही, पण पुढे येणाऱ्या पेशंटना याचा उपयोग होईल. मी ताडकन उठले. रिकामी? मरायला टेकलेल्या माणसाला रिकामी कॅप्सूल? ही कसली थट्टा? माझं कानडी अशा वेळी दगा देतं. मी मराठीत भांडत होते आणि त्या दोघी मला कानडीत समजावत होत्या.

तुम्ही मात्र "आयतु, आयतु" म्हणत मान हलवत होतात. झालं, ठीक आहे. शेवटी एकच प्रश्न विचारलात. "ट्रायल झाल्यावर फायनल कधी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निकाल यायला काही वर्षं लागतील. तुम्ही भुवया उंचावल्यात. "आम्ही तर एका आठवड्यात देतो." आणि सही केलीत.

तिथे मी मनात म्हटलं, माझा नवरा कोटाची ट्रायल समजतोय. आधी कच्चं घालून बघणार, कुठे आवळतंय, कुठे सैल होतंय बघणार, खडूच्या खुणा करणार, आणि मग अंगाबरोबर बसेल असं पक्कं औषध देणार. जन्मभर ज्या शब्दावर पोट भरलं, त्या शब्दावर तुम्ही आंधळा विश्वास टाकलात, असं मला वाटलं. घरी येईपर्यंत रिक्षात मी तुम्हाला समजावत होते. अहो, ही ट्रायल तुमची नाही. औषधाची आहे. ते तुमच्या मापाचं काही शिवून देणार नाहीत. तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "सुम्ने बस की गं स्वल्प. कशाला ओरडतीस?" मी गप्प बसले नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. 

रेडिएशनसाठी तुमच्या चेहऱ्याचा मुखवटा केला. जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबलं, आणि निवल्यावर ते तुमचंच तोंड झालं. तो घालून तुम्हाला टेबलाला जखडायचे, मान हलू नये म्हणून. बाकीचे पेशंट त्याला घाबरायचे. तुम्ही पहिल्या दिवशी तो हातात घेऊन उलटासुलटा करून बघितलात, कडेवरून बोट फिरवलंत आणि त्या तंत्रज्ञाला म्हणालात, "एकदम फिट. ट्रायल नाही, काही नाही. कुठं शिकला?" ते काम संपल्यावर मुखवटा त्यांनी आपल्याला दिला. माळ्यावर टाकलाय मी तो. परवा पंचांग शोधताना हाती लागला. तुमचं नाक, तुमचे गाल, आणि आत कुणी नाही. मी तो छातीशी धरला, आणि लगेच परत माळ्यावर ढकलून दिला.

त्या दिवसांत स्टेरॉइडने तुमचं तोंड सुजलं, पोट सुटलं. तुमचे स्वतःचे शर्ट तुम्हाला होईनात. मी एकेक उसवत गेले, आतली दोन बोटं सोडवत गेले. शेवटच्या निळ्या शर्टाची माया संपली तेव्हा म्हटलं, बघा, भोगा आता आपल्या फिटिंगची फळं. तुम्ही हसलात. तुमचं हसणं तेव्हा डावीकडेच राहायचं, उजवीकडे पोचायचं नाही.

कॅप्सूलचा डबा मी देव्हाऱ्यात ठेवायची. खरी की रिकामी? याने माझं डोकं फिरायची वेळ आली. शिल्पाच्या मागे लागले. तिच्या हातापाया पडले. तिने माझे हात धरले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अक्का, नंगू गोत्तिल्ला." मलाही माहीत नाही हो. मला ते खरं वाटलं नाही. एका दुपारी मी एक कॅप्सूल घेतली आणि नखाने तिचं टोपण उघडायला लागले. आतलं चाखून बघणार होते. कडू लागलं तर औषध, एवढं साधं. तुम्ही मागून येऊन माझं मनगट धरलंत. एका बाजूची ताकद गेलेली, पण दुसऱ्या हाताची ती शिंप्याची पकड! "ट्रायलच्या मालाला कात्री लावायची नाय," म्हणालात. मी ओरडले, रिकामी असली तर? तुम्ही म्हणालात, "असू दे की. ती पण लागतीय त्यांना." मी रागाने डबा आपटला. तुम्ही कशाला त्या रिकाम्या कॅप्सूलची बाजू घेताय, मला समजेना. आता वाटतं, तिथेच थांबून विचारायला हवं होतं, म्हणजे काय, ती पण लागते? पण मी तणतणत स्वयंपाकघरात गेले.

मधे एक बरा काळ आला. फोटोत गाठीची वाढ दिसली नाही. कॅप्सूल खरीच असणार, मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत सुटले. हातात थोडी ताकद परतली, तुम्ही पुन्हा दुकानात बसायला लागलात. गिऱ्हाइकांना हसत सांगायचात, "माझी ट्रायल चालली हाय." लोकही हसायचे. मी आत बसून दात-ओठ खायची. वाटायचं, बघा, अजून तेच डोक्यात आहे, कच्चं झालं की पक्कं मिळणार. याच दिवसांत नंजप्पा मास्तर मुलीकडे निघण्याआधी माप देऊन गेले. त्यांचा कोट तुम्ही एकट्याने बेतलात. मी कापड धरायला आले तर म्हणालात, "बेड, मी करतो." सगळी सकाळ लावलीत. कच्चे टाके घालून खुंटीवर टांगलात आणि म्हणालात, "आला की ट्रायल घ्यायची." कुणी घ्यायची, ते बोलला नाहीत. कोटाची ट्रायल तुम्ही मला जन्मात कधी घेऊ दिली नव्हती, त्यामुळे मी विचारायचा प्रश्नच नव्हता.

पुढचा फोटो वाईट आला. गाठ पुन्हा उठली होती, आधीपेक्षा मोठी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता या ट्रायलमधली कॅप्सूल बंद. आणि अहो, मी काय केलं, आठवतंय? ज्या अर्थावरून मी तुम्हाला इतके महिने बोल लावले, त्याच अर्थाने मी किंचाळले. "ट्रायल आयतु, फायनल यावाग, कधी? झाली ना ट्रायल? मग द्या आता फायनल! माझ्या नवऱ्याने सगळं केलं तुमचं. रक्त दिलं, सुया टोचून घेतल्या. आता द्या पक्कं औषध! आत ठेवलंय तुम्ही, मला ठाऊक आहे!" त्यांची बाही धरून मी ओढत होते. शिल्पा रडत होती. तसलं औषध जगात कुठेच नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.

तुमचे शब्द तेव्हा बरेचसे गेले होते. पाण्याला पंखा म्हणायचात, रेणूला माझ्या नावाने हाक मारायचात. तुम्ही खुर्चीतून हात पुढे केलात, माझा पदर ओढलात. मी वळले. तुम्ही स्वतःच्या छातीवर हात ठेवलात आणि स्पष्ट म्हणालात, "मांजरपाट." पुन्हा म्हणालात, "मी. मांजरपाट." मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, बघा, आता काहीही शब्द येतात. कापडाचं नाव घेतायत. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, आणि मग मान खाली घातलीत.

शेवटी शेवटी एकच शब्द जागेवर राहिला होता. मी चमचा पुढे केला की "बेड." औषध, "बेड." चहा, "बेड." ज्या शब्दाने आपला संसार सुरू झाला, त्यानेच आवरता घेतलात. मला बेड नव्हतं हो. मला अजून पाहिजे होतं. उसवून, सैल करून, ठिगळ लावून, कसंही चाललं असतं मला.

शिल्पाचा फोन आला होता, तुम्ही गेल्यावर. म्हणाली, सगळा अभ्यास संपला की कुणाची कॅप्सूल खरी होती ते उघड होईल, तुम्हाला कळवू का? मी म्हटलं, कळव. कधीही असो, कळव. तुम्ही म्हणाला असतात, कळून काय करतीस? रिकामी निघाली तर शिव्या देणार आहे. खरी निघाली तर जास्त शिव्या देणार आहे.

आता आजचं सांगते. संध्याकाळी नंजप्पा मास्तर आले. कोटाचं नावच काढेनात. मलाच राहवेना. खुंटीवरून कोट काढला, त्यांच्या अंगावर चढवला.  मुलीकडचं खाणं मानवलेलं दिसत होतं, पाठीत कोट चांगलाच आवळत होता.  पुरुषाच्या कोटाची ट्रायल मी काय घेणार? दोन बोटांच्या मायेत हा माणूस मावणार नाही, हे डोळ्यांना दिसत होतं. कापडही संपलेलं. मनात म्हटलं, घ्या, शेवटच्या कोटातही माझी फजिती करून गेलात. कोट काढला, पाठीची शिवण उसवली आणि आतलं कापड उलगडलं.

ते उलगडतच राहिलं. मी त्यावर बोटं ठेवली. दोन नव्हे. चार. पाठीच्या शिवणीला चार बोटं माया, दोन्ही बाजूंना. बगलेत चार. बाहीच्या आत चार. खाली दुमडीतही. एखाद्या शिकाऊ पोराने ठेवली असती तर तुम्ही कापड त्याच्या तोंडावर फेकलं असतंत. तुम्ही ती ठेवलीत, कारण ज्याला उसवायचं होतं त्या माणसाला ट्रायल घेता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. चुकेल, जास्त दाबेल, पुन्हा सोडेल, त्याला जागा हवी. तो माणूस मी. आणि हा कोट तुम्ही कापलात तो बऱ्या काळात. मी विठोबाला उपरण्याचा नवस बोलत होते, गाठ हरली म्हणून सांगत सुटले होते, त्याच सकाळी कापलात. "बेड, मी करतो," म्हणून मला बाजूला ठेवून. तुम्हाला माहीत होतं, मास्तर परत येतील तेव्हा तुम्ही नसाल.

आणि मग डोक्यात तो शब्द आपोआप येऊन बसला. मांजरपाट. तो चुकलेला नव्हता. तुमच्या सगळ्या शब्दांत तेवढाच त्या दिवशी नेमका आला होता, आणि मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, काहीही येतात. अहो, सही करतानाच तुम्हाला कळलं होतं ना? कोट तुम्ही नाही, गिऱ्हाईक तुम्ही नाही. ज्याच्यावर खुणा करून पुढे फाडायचं असतं, ते तुम्ही. "ती पण लागतीय त्यांना," म्हणालात, ते याच अर्थाने. आणि लोकांना हसून 'माझी ट्रायल चालली हाय' सांगायचात, ते माझ्यासाठी. मला वाटत होतं, खोट्या आशेवर तुम्ही जगताय. उलट होतं ते. मी तुमच्या आशेवर जगत होते आणि तुम्ही ती माझ्या अंगाला बसेल अशी शिवून देत होतात.

मला याने बरं वाटलेलं नाही, सांगून ठेवते. उलट जीव तुटतो. एवढं सगळं एकट्याने धरून ठेवलंत. मला सांगितलं असतंत तर मी आकांत केला असता, छाती पिटली असती, पण तुमच्या शेजारी बसून केलं असतं. ते माझ्या हक्काचं होतं. यावर आपलं भांडण राहिलं आहे, आणि ते मी सोडणार नाही.

मी भिंतीकडे तोंड करून, तो उसवलेला कोट तोंडाशी दाबून उभी होते. लोकर, खडू आणि तुमच्या हाताचा वास. मागे मास्तर अवघडून उभे. मी नाक पुसलं, कोट पुन्हा त्यांच्या अंगावर चढवला, तुमचा खडू घेतला आणि पाठीवर पहिली खूण केली. वाकडी आली. पुसून दुसरी केली.

मास्तरांनी मान मागे वळवून, हळूच कानडीत विचारलं, "बसेल ना, अम्मा?"

त्यांना मराठी येत नाही. तरी मी मराठीतच म्हणाले, "बसेल. आत माया आहे."